आतला बंद

दांडिया बाजारात, घड्याळवाल्याच्या वरच्या मजल्यावर
मी नाटकाचे कपडे भाड्यानं देतो.
राजे, वजीर, चोपदार, दोन नारद
आणि एक वाघ,
ज्याचं शेपूट गेल्या नवरात्रात हरवलं.

परवा सबनिसांचा हेरंब आला.
"काका, एक शेरवानी काढा ना, पेशवाईतली."
मी चष्मा पुसला. राग आला की मी चष्मा पुसतो.
पेशवाईत शेरवानी घालून कोण गेला होता बाबा,
आणि गेला असेल
तर दारावर त्याला हटकलं कसं नाही कुणी?

मग दांडीवरून एकेक उतरवत गेलो.
ही तुझी शेरवानी. हिला कोटाची सवय:
ताठ कॉलर, जाड अस्तर,
समोर बटणांची सरळ रेघ,
सरकारी कागदाला समास आखावा तशी.
ही अचकन. तिची बहीण नव्हे, मावशी.
अंगानं हलकी, चालताना कुरकुरत नाही.
ही बंडी, बाह्या घरी विसरून आलेली.
डगला आपला, थंडीत कशावरही चढतो.
डगली पारशांची, पांढरी, लग्नाकार्याची;
नुसत्या वेलांटीनं कपड्याचं घर बदलतं.
आणि अंगरखा गुरांमागे धावायला लागला,
की आखडतो, चुण्या धरतो,
आणि इकडे त्याला केडियुं म्हणतात.

ही बाराबंदी. कमरेशी संपते. बंद मोज.
त्यानं मोजले. आठ भरले.
"मग बारा का म्हणतात?"
चार शिंप्यानं खाल्ले, म्हणालो.
तो शिंपी माझे वडील.

शेवटी हा.
गळ्याखाली गोल काप, त्यामागे छातीला वेगळा पडदा,
त्यावरून एक पल्ला दुसऱ्यावर येणारा.
घेराला कळ्या. बगलेत चौकोनी चौबगला,
म्हणून तलवार उचल नाहीतर आळस दे,
शिवण उसवत नाही.
बाहेरचे बंद जगाला दिसतात, कुणीही बांधतं.
आतला एक बगलेखाली असतो.
तो आपला आपल्याला सापडत नाही.
बटण माणसाला एकट्यानं तयार होऊ देतं.
अंगरख्याला घरात दुसरं माणूस लागतं.

"हात वर कर."
बगलेखाली चाचपून बंद शोधला.
त्याला गुदगुल्या झाल्या, तो हसला,
मग मीही.
यमू गेल्यापासून मी माणसांना हात लावतो
तो टेपेच्या अलीकडून.
सुरगाठ मारली. एका ओढीत सुटणारी.

शनिवारी प्रयोग झाला. सोमवारी अंगरखा परत आला,
घडी चोख, काखेला पावडरीचा वास,
आतला बंद कातरीनं कापलेला.
"सुटेचना काका. मित्रानं निरगाठ मारली होती."

कपड्याकपड्यातला फरक
मी घसा कोरडा होईपर्यंत सांगितला.
गाठीगाठीतला सांगायचा राहिला.

वीस रुपये कापून अनामत दिली. तो जिना उतरला
आणि वीस जास्त झाले असं वाटलं.

रात्री नवा बंद लावायला बसलो.
पांढरी चिंधी मिळेना.
वाघाच्या पोटाचं पिवळं उरलं होतं, ते लावलं.
वहीत नोंद केली:
अंगरखा एक, बंद शाबूत, आतला पिवळा.
तेवढ्यावर उठायला हवं होतं.

पण अंगात घातला.
आरशासमोर एक हात वर,
दुसऱ्या हातानं चाचपत राहिलो.
बंद बोटाला लागायचा, पुन्हा निसटायचा.
खाली घड्याळवाला शटर ओढत होता.
हाक मारावी की नाही
यात अर्धं शटर खाली आलं.

मग मारली.
जिना चढता चढता तो ओरडत होता,
"काय झालं? आग लागली की काय?"